अंगणवाडी-सह-पाळणाघर : साडेसात तासांचा हिशोब कुणाच्या अंगावर?

रानजाई :
'पाळणा' योजनेखाली राज्यातल्या निवडक अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रं. खर्चात केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५. महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास. अंगणवाडीत आधीच असलेल्या सेविका आणि मदतनीस यांच्याशिवाय आणखी दोघीजणी नेमायच्या : पाळणा सेविका (किमान बारावी) आणि पाळणा मदतनीस (किमान दहावी).

योजना चांगली आहे आणि ती चालावी असं मनापासून वाटतं, म्हणूनच आकडे मांडते. पाळणा सेविकेला महिना ५५०० रुपये, मदतनिशीला ३०००. मूळच्या अंगणवाडी सेविकेला वाढीव कामाचा भत्ता १५००, तिच्या मदतनिशीला ७५०.

२६ दिवसांनी भागा. पाळणा सेविका : दिवसाला साधारण २११ रुपये, तासाला २८. पाळणा मदतनीस : दिवसाला ११५, तासाला १५ रुपयांच्या जरा वर. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२. म्हणजे बांधबंदिस्तीवर माती टाकली तर ३१२ आणि पंचवीस लेकरं सांभाळली तर २११. मुलं सांभाळली गेली तर बायका कमवायला बाहेर पडतील, हा योजनेचा हेतू. पण मुलं सांभाळणारीसुद्धा कमवायला बाहेर पडलेली बाईच आहे, हे दर ठरवताना कुणी धरलेलंच दिसत नाही.

हे कुठून येतं ते शोधायला लांब जायला नको. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८. मुलं, आजारी, म्हातारी माणसं सांभाळण्यावर बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. आणि ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची. १५ ते ५९ वयोगटात अशी देखभाल करणाऱ्या बायका ४१ टक्के आहेत, पुरुष साधारण २१. जे काम घरात फुकट होतं त्याला बाहेर भाव देताना सरकारचाही हात आखडतो.

हा धागा राबवणुकीसाठी काढला आहे. केंद्र सुरू करताना, चालवताना काय अडतं, कुठे अडतं आणि त्यावर काय करता येतं ते लिहा. ग्रामपंचायतीत, संघटनेत किंवा बालविकास प्रकल्प कार्यालयात काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं.

काटेकोर :
मुद्दा पटला, पण तुलना करताना दोन गोष्टी जपा, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्याच मिनिटात खोडून काढेल. एक, रोहयोची मजुरी कामाच्या मोजमापावर निघते. ३१२ हा पूर्ण माप भरल्यावरचा दर, हजेरी लावली म्हणून मिळणारी रक्कम नव्हे. दोन, पाळणा सेविकेला मिळतं ते 'मानधन'. तिला कर्मचारी म्हटलेलंच नाही, त्यामुळे किमान वेतनाचा कायदा दाखवला की "ती स्वयंसेवी आहे" हे उत्तर तयार असतं.

या 'मानधन' शब्दाचा इतिहास सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून सेविका 'मानद' आहे. २००६ साली कर्नाटकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका सरकारी पदावर नाहीत असं म्हटलं. २५ एप्रिल २०२२ ला गुजरातमधल्या खटल्यात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस या दोघींना १९७२ चा उपदान कायदा लागू होतो, म्हणजे त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असा निकाल दिला. हा निकाल महत्त्वाचा अशासाठी की त्यात त्यांना मिळणारी रक्कम 'वेतन' धरली गेली. पाळणा सेविकांच्या नेमणुकीचा कागद हातात आला की त्यात 'मानसेवी' हा शब्द कुठे कुठे आहे, कामाचे तास लिहिलेत का, सेवा किती वर्षांची धरली आहे, हे आधी बघा. तास लिहिलेले असतील तर तो कागद नीट जपून ठेवा.

केंद्र सरकारचा वाटा हीही मोठी अडचण आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र सेविकेला ४५०० आणि मदतनिशीला २२५० धरून चालतं. त्यावरचं सगळं राज्याच्या मर्जीवर. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यात जो दीर्घ संप झाला त्याचं मूळ याच रचनेत होतं.

खुरपं :
मानधनाचं बोललात ते बरोबरच. पण केंद्र ओस पडायचं पहिलं कारण वेळ असेल, लिहून ठेवा.

साडेसात तास म्हणजे कुठून कुठपर्यंत? कार्यालयातून ठरवलं तर साडेनऊ ते पाच. खुरपणीला जाणारी बाई आठला घर सोडते, कापूस वेचणीत त्याहून लवकर, कारण ऊन चढायच्या आत जास्त किलो भरतात. वेचणी किलोवर असते. ती दीड तास पाळणाघर उघडायची वाट बघत बसणार नाही. मग लेकरू कुणाकडे? थोरल्या मुलीकडे. ती पाळणाघर उघडेपर्यंत त्याला कडेवर घेऊन बसते आणि शाळेची पहिली तासिका जाते. कागदावर बाळाची हजेरी शंभर टक्के भरते. बहिणीची किती बुडाली ते कुठल्याच हजेरीपटात येत नाही.

उपाय अवघड नाही. साडेसात तास तेवढेच ठेवा, पण सुरुवात हंगामाप्रमाणे सरकवा. आमच्याकडच्या पिकांचं गणित धरलं तर जून-जुलैत पेरणी, मग खुरपणी, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, तिथून जानेवारीपर्यंत वेचणी. या काळात साडेसात ते तीन. उन्हाळ्यात रोहयोची कामं असतील तर तीच वेळ चालते, कारण कामं सकाळीच उरकतात. यासाठी पालकांची बैठक घ्यायची आणि ती संध्याकाळी सातनंतर. दुपारी बारा वाजता बैठक बोलावली की ज्यांच्यासाठी पाळणाघर आहे त्या सोडून बाकीच्याच येतात.

आणि हो, वेळ अलीकडे सरकवली की पाळणा सेविकेचं स्वतःचं घर सकाळी सातला कोण बघणार, हाही प्रश्न तिथेच मांडा. तिलाही घर आहे.

ओवी :
खालच्या वयाकडे वळते. अंगणवाडीची सवय तीन ते सहाच्या मुलांची आहे. त्यांना गाणी, खेळ आणि गरम ताजा आहार मिळतो. तीनच्या आतल्या मुलांना आजवर अंगणवाडीने घरी न्यायचा आहार दिला आणि वजन घेतलं, बस्. आता आठ महिन्यांचं बाळ दिवसभर तिथे राहणार. हे पूर्ण वेगळं काम आहे.

आधी माणसांचं प्रमाण. पाळणाघरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या किमान मार्गदर्शक तत्त्वांत तीनच्या आतल्या दर दहा मुलांमागे एक सांभाळणारी आणि तीनवरच्या दर वीस मुलांमागे एक, असं आहे. जागा प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट. समजा २५ पैकी १२ जण तीनच्या आतले. त्यांनाच दोघी हव्यात. उरलेल्या तेरांना अंगणवाडी सेविका शिकवते. मग चूल कोण बघणार? मदतनीस. लंगोट कोण बदलणार, धुणार? त्याच दोघींपैकी एक. त्यातली एक आजारी पडली की दुसरीच्या अंगावर बारा लहानगी. बदली कामाची तरतूद आधीच करून ठेवली नाही तर त्या दिवशी मोठ्या मुलांचा वर्ग बंद पडतो. निदान एक राखीव बाई गावातून ठरवून, तिला बाकीच्यांबरोबरच प्रशिक्षण देऊन ठेवा आणि तिच्या दिवसाचे पैसे कुठून द्यायचे ते पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. नाहीतर ते सेविकेच्या पदरमोडीतून जातात.

आता खाणं. लहान बाळाचं पोट इवलंसं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसातून दोन-तीनदा वरचं खाणं लागतं, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. साडेसात तासांत यातले किमान दोन, बहुतेक वेळा तीन घास-वेळा केंद्रातच येतात. मोठ्या मुलांची खिचडी पाणी घालून पातळ करून द्यायची चूक सगळीकडे होते. पातळ केली की पोट भरतं पण त्यातून मिळतं पाणीच. ओळखायची खूण सोपी : चमचा आडवा केला तर मऊ खाणं चमच्यावर बसलं पाहिजे, किंवा हळूच घसरलं पाहिजे. धारेसारखं वाहिलं तर ते बाळाला पुरणार नाही. पाणी वाढवायच्या ऐवजी भात-डाळ चमच्याच्या पाठीने घोटायची, वर एक छोटा चमचा तेल किंवा तूप. लहानग्यांसाठी वेगळं घोटायला पंधरा-वीस मिनिटं जातात. ही पंधरा-वीस मिनिटं कुणाच्या कामात धरली आहेत, असा प्रश्न प्रत्येक कामाबाबत विचारत राहिलं पाहिजे.

दंडघेर पट्टीचंही (दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी) लिहिते, कारण पाळणाघरात मुलं रोज डोळ्यांसमोर असतात आणि घसरण लवकर पकडता येते. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत. डावा हात. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, त्यासाठी हात कोपरात वाकवायचा. पट्टी लावताना मात्र हात सरळ, सैल सोडलेला हवा. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; ११.५ ते १२.५ च्या आत पिवळं, म्हणजे मध्यम. सगळ्यात जास्त चूक होते ती मूल रडत, हात ताठ करून असताना मोजल्यामुळे. आईच्या किंवा ओळखीच्या बाईच्या मांडीवर बसवूनच मोजा.

झोळीबद्दल : साडीची झोळी बांधायची तर जमिनीपासून वीतभरच वर, खाली सतरंजी. आणि झोळीत मूल असताना कुणीतरी त्याच खोलीत हवंच.

काटेकोर :
ओवीताई, दर दहामागे एक हे प्रमाण छापून भिंतीवर लावा. पर्यवेक्षिका भेटीला आल्या की त्यांच्या शेरेवहीत त्या दिवशीची तीनखालची हजेरी आणि हजर असलेल्या बायकांची संख्या लिहून घ्या. पुढे जास्तीची नेमणूक मागायची झाली तर हाच पुरावा.

पाऊलवाट :
खेड्याबाहेरचं थोडं. कारखान्यांतल्या पाळणाघराच्या कायद्यात बायकांचं नुकसान नियमाच्या शब्दांमुळेच कसं होतं ते बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त 'स्त्री कामगार' असतील तिथे पाळणाघर सक्तीचं होतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त 'स्त्री' कामगार. म्हणजे मूल हे फक्त आईचं, आणि एकतिसावी बाई कामावर घेतली की मालकाला खोली, दाई, दूध यांचा खर्च. त्याने तिसाव्या बाईवर थांबायचं ठरवलं तर कायद्यानेच त्याला तो रस्ता दाखवला होता.

२०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने हे बदललं : पन्नास किंवा जास्त 'कर्मचारी' असतील तिथे पाळणाघर, त्यात पुरुषही मोजायचे. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा. हा शब्दबदल छोटा दिसतो पण फार मोलाचा आहे. सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच पन्नास कर्मचाऱ्यांची अट आली आहे.

त्याच दुरुस्तीत दुसरीकडे मात्र गोची झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली हे चांगलंच, पण तिचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा (कर्मचारी राज्य विमा योजनेखालच्या कामगार सोडून). सगळ्या समाजाने मिळून उचलायचा खर्च एका बाईच्या नेमणुकीला चिकटवला. लहान उद्योगात मुलाखतीला आलेल्या तरुण मुलीकडे मालक याच हिशोबाने बघतो. आणि बापाला या कायद्यात एक दिवसाचीही रजा नाही.

खुरपं :
+१. रोहयोच्या कायद्यात एक तरतूद होती, ती या सगळ्यांत मला सर्वांत सरळ वाटते. कामावर येणाऱ्या बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यांच्यातलीच एक बाई मुलं सांभाळायला नेमायची आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. सांभाळणं म्हणजे काम, आणि त्याचा दर मातीकामाइतकाच. कायद्याने २००५ सालीच हे मान्य केलं होतं.

कामावर ते का दिसत नसे? कारण हजेरीपट काढताना 'मुलं किती' हे कुणी विचारत नसे. मागणीचा अर्ज घरातल्या पुरुषाने भरायचा, त्यात मुलांचा उल्लेख नाही. काम सुरू झाल्यावर चार दिवसांनी लक्षात यायचं की सहा मुलं बांधावर बसली आहेत, तोवर हजेरीपट निघालेला. शिवाय टोळीने मोजमापावर काम घेतलेलं असलं की बाजूला बसलेल्या बाईचा वाटा आपल्या मापातून जाईल, अशी बाकीच्यांना भीती. तिची मजुरी मापाबाहेर धरायची असते हे सांगायला कुणी नाही. नवी कुठलीही योजना आली तरी मागणीच्या अर्जातच मुलांची संख्या आणि वयं लिहून घ्यायची सवय लावा.

तळटीप :
एक प्रश्न. 'लाडकी बहीण' योजनेतून बायकांच्या खात्यात थेट महिना १५०० रुपये जातातच. त्यातून ज्याची त्याने मुलांची सोय करावी, सरकारने केंद्रं चालवायच्या भानगडीत का पडावं? मनापासून विचारतोय.

रानजाई :
प्रश्न रास्त आहे. रोख पैशाचा उपयोग नाकारत नाही. घरात बाईच्या हातात स्वतःचे पैसे असणं मोठी गोष्ट आहे. पण १५०० रुपयांत २६ दिवस साडेसात तास मूल सांभाळायला कुणी मिळत नाही. मिळालंच तर ती आणखी एखादी गरीब बाई असेल, दिवसाला साधारण ५८ रुपयांत. आणि गावात विकत घ्यायला पाळणाघरच नसेल तर पैसे असून काय करणार? सोय उभी करणं हे काम एकेकट्या घराचं नाही.

शिवाय त्या योजनेचे अर्ज भरून घेतले कुणी? मोठ्या प्रमाणात अंगणवाडी सेविकांनीच, प्रत्येक पात्र अर्जामागे ५० रुपये ठरवून. त्या आठवड्यांत पोषणाचं काम मागे पडणारच.

ओवी :
तसंच आशाताईंचं. नवजात बाळाच्या घरभेटींची पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीतली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून ती केली, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली आणि पुढे देशभर आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. प्रत्येक वेळी वजन, ताप, अंग गार पडलंय का, पूर्ण मिनिटभर मोजलेला श्वास (साठ किंवा जास्त असेल तर धोका), नाळ, आईचा रक्तस्राव. या सगळ्याचे मिळून २५० रुपये. म्हणजे भेटीमागे चाळीसच्या आसपास. भेट झाली तर पैसे. बाळ मामाच्या गावी गेलं आणि आशाताई दोनदा हेलपाटा घालून आल्या तर त्याचं काही नाही.

आणि या सगळ्या साखळीत, आशा, सेविका, मदतनीस, नियमानेच फक्त बाई नेमायची. गावात विश्वास बसावा म्हणून ते सुरुवातीला बरोबर होतं. पण लहान मुलांना सांभाळणं पुरुषाचं कामच नव्हे, हे त्यातून सरकारी शिक्क्याने पक्कं होत गेलं.

पाऊलवाट :
सरकारी नोकरीतही तेच. राज्यात २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. बाई कर्मचाऱ्याला सरसकट. पुरुषाला कधी? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. केंद्र सरकारच्या नोकरीत ७३० दिवस, बायकांना आणि एकल पुरुषांना. आई धडधाकट असेल तर बापाने मुलाच्या तापात रजा काढायची गरजच नाही, असं नियम म्हणतो. ज्याला खरंच घरी थांबायचं आहे त्यालाही वाट ठेवलेली नाही.

कोयता :
ऊसतोडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बीड, जालना, अहिल्यानगर, नाशिककडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्चपर्यंत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल (आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत बाईचं वेगळं नाव नाही. तोड पहाटेच सुरू होते. मुलं कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत), नाहीतर फडाच्या कडेला पाचटात. पाळणाघराची गरज सर्वांत जास्त इथे, आणि साडेनऊचं केंद्र इथे सर्वांत निरुपयोगी.

निघण्याआधी गावातच करून घ्यायच्या गोष्टी :
पोषण ट्रॅकरवरची (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) केवायसी पुरी करा. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची आहे आणि नोंदणीत ओटीपी लागतो. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात असतो. नवरा ट्रॅक्टरवर, बायको अंगणवाडीच्या दारात, ओटीपीची मुदत संपते. बाईच्या आधारला तिचाच नंबर जोडून घ्या, किंवा दोघं घरी असतात तेव्हा संध्याकाळी सेविकाताईंना बोलावून ते एकदाचं उरका.
माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोपीत पाणी शिरतं.
सेविकेने ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करायची. ती झाली नाही तर पोचल्या गावची सेविका "नाव आमच्याकडे नाही" म्हणते. आहार नाकारायला हे कारण पुरेसं नाही. अन्नसुरक्षा कायद्याने हक्क मुलाचा आहे, गावाचा नाही. पण कोऱ्या पडद्यासमोर सेविकाही अडकते. तिला दोष देऊन भागत नाही.

पोचल्यावर मुकादमाकडून टोळीतल्या सहाखालच्या मुलांची यादी घ्या आणि कारखान्याच्या शेती विभागाकडे आणि तिथल्या पर्यवेक्षिकेकडे एकाच दिवशी द्या. तोंडी सांगितलेलं हंगाम संपेपर्यंत फिरतच राहतं.

माजघर :
अपंग आणि अंथरुणावरच्या माणसांचं काय? एवढंच नोंदवते की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी 'काळजीवाहक भत्ता' लिहिलेला आहे. मागणी करताना तो शब्द वापरा. नाहीतर सगळी चर्चा निराधार अनुदानावर येऊन थांबते, आणि ते अनुदान माणसासाठी असतं, त्याला उचलून बसवणाऱ्या सुनेसाठी नव्हे.

तळटीप :
रानजाईताई, उत्तर पटलं. आमच्या गावची अंगणवाडी यादीत नाही. ग्रामपंचायत स्वतःहून काही करू शकते का?

रानजाई :
करू शकते, मर्यादेत.

पैसा : ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षअखेरीला शिलाई यंत्रं, सतरंज्या, खुर्च्या यांत संपतात. तिथून राखीव बाईचा रोज, गॅस, साबण, लंगोटाचं कापड एवढं निघू शकतं. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी असतो, तोही बघा. यातून पूर्ण वर्षाचं पाळणाघर मात्र उभं राहणार नाही. हंगामी, म्हणजे वेचणीचे तीन-चार महिने, एवढंच धरा. अपुऱ्या पैशात वर्षभराचं सुरू केलं की सांभाळणारीचे पैसे सर्वांत आधी थकतात.

ठराव : ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती खरोखर भरवा, सह्या फिरवून नको. ठरावात "पाळणाघर सुरू करावे" एवढंच लिहू नका. मुलांची संख्या, त्यातली तीनखालची किती, वेळ किती ते किती, कोणते महिने, सांभाळणाऱ्या किती आणि प्रत्येकीचा रोज किती, हे आकड्यांत लिहा. रोज रोहयोच्या दरापेक्षा कमी लिहू नका. सदस्यांत निम्म्या बायका आहेत, पण अंदाजपत्रकाच्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर नवरा बसला की हाच आकडा पहिला खोडला जातो. तो दिवस सांभाळा. ठरावाची प्रत प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या, पुढच्या टप्प्यात केंद्र मागताना लागेल.

ओवी :
एक राहिलंच. सोडण्या-नेण्याची वही. मुलाचं नाव, आणल्याची वेळ, आणणाऱ्याची सही, नेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही, संपर्काचा नंबर. नेणाऱ्यांची यादी नोंदणीच्या दिवशीच भरायची आणि त्यात अठराखालचं कुणी नको. हा नियम सुरक्षिततेसाठी आहेच, पण थोरली बहीण तीन वाजता शाळेतून उठून येऊ नये म्हणूनही आहे. पालक कुरकुर करतील, तरी ठाम राहा आणि आधी दोन आठवडे मुदत द्या.

आणि नंबर लिहिताना पहिल्या रकान्यात बापाचा घ्या, दुसऱ्यात आईचा. मुलाला ताप आला की फोन पहिल्या नंबरावर जातो.